आईवडील गावाकडं, पोरं मुंबई-पुण्यात: म्हाताऱ्या माणसांचा पैसा कसा राखायचा

आपल्या सातारा जिल्ह्यात पाटण, जावळी, खटाव, माण, कुठल्याही गावात जा, घरात दोन म्हातारी माणसं आणि पोरं कामोठ्याला नाहीतर चिंचवडला. मी सहकारी बँकेत आधी काउंटरला आणि मग पासिंगला, म्हणजे स्लिपा-चेक मंजूर करायला, बसून रिटायर झालोय, त्यामुळं अशा घरातला पैसा कसा जातो ते जवळनं बघितलंय. पेपरात बातमी येते ती सायबर भामट्यांची, पण खिडकीच्या आतनं जे दिसायचं ते बऱ्याचदा ओळखीच्या माणसाचं काम असायचं. पुतण्या, भाचा, सांभाळायला ठेवलेली बाई, शेजारचा "मुलासारखा" पोरगा. आणि एकदम मोठी रक्कम नाही, महिन्याला हजार, दोन हजार, असं वर्षानुवर्षं.

म्हणून खाली जे सगळं सांगतोय ते एकाच गोष्टीवर बेतलंय, की कुठल्याही एका माणसाच्या हातात सगळं जाता कामा नये. केअरटेकरच्या नाही, थोरल्या भावाच्या नाही, आणि राग मानू नका, पण तुमच्या स्वतःच्या पण नाही.

आधी बोला, पण शिकवायला जाऊ नका

गावच्या जत्रेला किंवा दिवाळीला सगळे जमता ना, तोच मुहूर्त धरा. फक्त सगळ्यांच्या समोर "आबा तुम्हाला काय कळत नाही, एटीएम इकडं द्या" असली सुरुवात करायची नाही. ज्या माणसानं रयत शिक्षण संस्थेत तीस वर्षं मास्तरकी केली किंवा फौजेत सुभेदार म्हणून पेन्शनीत आला त्याला हे लागतं, आणि मग तो पुढं काही झालं तरी तुम्हाला सांगत नाही. फसवणुकीतला अर्धा तोटा ह्या लपवण्यामुळं होतो, कारण पहिले काही तास हातचे जातात. त्यापेक्षा असं म्हणा, "आबा, उद्या मी आजारी पडलो तर तुमचं काय कुठं आहे ते कुणालाच माहिती नाही, एकदा वहीत लिहून ठेवू." वही हा शब्द त्यांना पटतो.

त्या वहीत काय लिहायचं: खाती कुठल्या बँकेत, पतसंस्थेत आणि पोस्टात, ठेवपावत्यांचे नंबर आणि मुदत संपायची तारीख, पेन्शन कुठं जमा होते, एलआयसी, सातबाऱ्याचे गट नंबर, कुणाला हातउसने दिलेत, दागिने काय काय. दागिन्यांचे फोटो काढा, सराफाच्या पावत्या असतील तर त्यांचे पण. पिन, पासवर्ड मात्र वहीत अजिबात नाही. एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिलेली कार्डं मी इतकी बघितलीत की विचारू नका.

खात्यांची फोड करा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे एकदा नीट केलं की बाकीचं पन्नास टक्के आपोआप होतं.

बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं एकच खातं असतं. त्यातच पेन्शन, त्यातच ऊसबिल, त्याच्यावरच एटीएम, तेच मोबाईलला जोडलेलं. म्हणजे कुणाला एक पिन कळला की सगळं मोकळं. ह्याची दोन खाती करा. एक मोठं, पेन्शन आणि बिलं जमा होणारं, त्याला एटीएम नाही, यूपीआय नाही, नेटबँकिंग नाही, पैसे काढायचे तर बँकेत जाऊन स्लिप नाहीतर चेक. दुसरं घरखर्चाचं, ज्यात पहिल्यातनं दर महिन्याला ठराविक रक्कम स्टँडिंग इन्स्ट्रक्शननं आपोआप पडते, आणि एटीएम काय, फोनपे काय, जे द्यायचं ते ह्या खात्याला. उद्या कुणी हात मारलाच तर त्या महिन्याचा खर्च जाईल, आयुष्याची पुंजी नाही.

ठेवी शक्यतो मोबाईल बँकिंग नसलेल्या खात्याला जोडलेल्या ठेवा. ते "डिजिटल अरेस्ट"वाले, म्हणजे पोलिसाचं सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवर धमकावणारे लोक, सेव्हिंगमधले पैसे संपले की एफडी मोडायला लावतात, आणि ॲपमधनं एफडी मोडायला दोन मिनिटं लागतात. तीच एफडी शाखेत जाऊन मोडायची असेल तर मध्ये एखादा कर्मचारी विचारतो तरी, "काय ओ आण्णा, एवढी घाई कशाची?" त्या एका प्रश्नानं वाचलेली माणसं आहेत.

जॉइंट खातं करताना फॉर्मवर "मोड ऑफ ऑपरेशन"चा रकाना असतो, तिथं काय टिक केलंय ते कुणीच बघत नाही. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा जाऊन सगळे पैसे काढू शकतो, तुमची सही लागत नाही. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे पहिलं नाव ज्याचं तोच जिवंतपणी चालवणार, दुसरा त्याच्या पश्चात. आईबाबांचं पहिलं नाव आणि मुलाचं दुसरं असेल तर हा दुसरा प्रकार बरा. नवराबायकोत मात्र आयदर ऑर सर्व्हायव्हरच ठेवा, एक जण दवाखान्यात असला तर दुसऱ्याची अडचण व्हायला नको.

नॉमिनी म्हणजे मालक नाही हे पण भावाभावांत आत्ताच बोलून घ्या. नॉमिनीनं बँकेकडनं पैसे घेऊन कायदेशीर वारसांना द्यायचे असतात. "मला नॉमिनी केलंय म्हणजे माझंच" असं म्हणून बहिणीला उडवून लावणारे लई बघितले.

रजिस्टर मोबाईल नंबर आईबाबांचाच असू दे, केअरटेकरचा तर कधीच नको. तुमचा ईमेल खात्याला जोडा म्हणजे व्यवहाराचे मेसेज तुम्हाला पण दिसतील. कार्ड चालू-बंद करायची आणि लिमिट कमी करायची सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, तर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करून टाका आणि एटीएमचं रोजचं लिमिट गरजेपुरतं ठेवा.

हात थरथरतात, सही जुळत नाही म्हणून पुतण्याला कार्ड देऊन टाकतात, त्याची काही गरज नाही. आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो, फक्त त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्यांना घरी येऊन सेवा द्यायची सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७ लाच बँकांना दिलीय, आपल्या शाखेत चालते का ते मॅनेजरला विचारा. आणि कोऱ्या स्लिपवर, कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची सवय असली तर ती आधी मोडा.

घरात सांभाळायला बाई ठेवताना

मिरजेला, साताऱ्याला, कराडला आता ब्युरो झालेत, फोन केला की दुसऱ्या दिवशी बाई हजर. ब्युरोनं पाठवली म्हणजे चौकशी झाली असं धरून चालू नका. आधार आणि फोटो स्वतः घ्या, तिच्या गावचा पत्ता घ्या, आधी ज्या घरात काम केलं त्या दोन घरांना स्वतः फोन लावा, आणि पोलीस स्टेशनला माहिती द्या. आईवडील एकटे राहतात तेही ठाण्यात सांगून ठेवा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यानं ठेवायची असते.

पगार खात्यावर द्या, नोंद राहते. वेळेवर द्या, आठवड्याची सुट्टी द्या. हे मी माणुसकी म्हणून सांगतोयच, पण त्यात व्यवहार पण आहे, पगार दोन महिने थकवायचा आणि तिच्या हातात घरातला सगळा पैसा ठेवायचा हे आपणच घातलेलं आमिष. तिला उचल लागली तर ती तुमच्याकडं मागायची, आजीकडं नाही, हे पहिल्याच दिवशी दोघींच्या समोर बोलून ठेवा.

रोख पैसा घरात जेवढा कमी फिरेल तेवढं बरं. आपल्याकडं किराणा दुकानाची उधारीची वही असतेच, तीच पद्धत मेडिकलला आणि दूधवाल्याला लावा. महिन्याच्या शेवटी दुकानदार वहीचा फोटो व्हॉट्सॲपला टाकतो, तुम्ही पुण्यातनं पैसे पाठवता. बाईच्या हातात फक्त भाजी आणि रिक्षापुरते. आणि त्या वहीत दोन माणसांच्या घरात महिन्याला आठ किलो साखर दिसली तर प्रश्न विचारायला तुम्ही मोकळे.

आता खुणा कुठल्या ते सांगतो. तुम्ही कधीही फोन करा, उचलते बाईच, आणि आजी "झोपल्यात" नाहीतर "बाथरूमला गेल्यात". बँकेत आजीच्या ऐवजी तीच बोलते. शेजारच्या काकी यायच्या बंद झाल्या. पेन्शन वेळेवर येतेय तरी लाइटबिल थकलंय. पासबुकावर महिन्यातनं पाच-सहा वेळा सारख्याच रकमेची एटीएमची नोंद, तीही आजीच्या गुडघ्यांना न झेपणाऱ्या ठिकाणची. ह्यातलं एखाददुसरं असलं तर काही नसतं, तीन-चार एकत्र दिसले तर पुढच्या शनिवारी न सांगता घरी जा.

पण एक आहे, विसरभोळेपणा पण असतो. पाटल्या गव्हाच्या डब्यात सापडल्यात आणि तोपर्यंत बाईला चोर ठरवून हाकललं असं आमच्या आळीतच झालंय. आधी वही, फोटो, पासबुक बघा, मग बोला. कॅमेरा लावायचा असेल तर बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघरात, आणि तिला सांगून. झोपायच्या खोलीत, न्हाणीत नाही.

फोनवरचे भामटे

इथं लई लांबण लावत नाही, कारण प्रकार रोज बदलतात, पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना जे जास्त येतात ते सांगतो.

हयातीचा दाखला. नोव्हेंबर जवळ आला की फोन, "तुमचा दाखला अपडेट नाही, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा". साताऱ्यात घरटी माजी सैनिक असलेली अपशिंगेसारखी गावं आहेत, त्यांना हाच फोन "स्पर्श" ह्या सैन्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेच्या नावानं येतो. पेन्शन ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही. दाखला बँकेत, पोस्टमनकडनं घरी, किंवा जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, आणि ऐंशीच्या वरच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो, तर लवकर देऊन मोकळं व्हा म्हणजे त्या फोनची भीतीच राहत नाही.

मग वीजबिल, आरटीओचं चलन, लग्नपत्रिका ह्या नावानं येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, "इन्स्टॉल करू का" विचारत नाही. ही फाइल बसली की मेसेज, ओटीपी सगळं तिकडं दिसतं. चुकून दाबलीच तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन.

डिजिटल अरेस्ट म्हणून कायद्यात काही नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मध्ये हे सांगितलंय. पण नुसतं सांगून उपयोग होत नाही, कारण समोरचा खाकी घालून बसलेला असतो आणि "कुणाला सांगितलं तर मुलाला पण उचलू" म्हणतो. म्हणून घरात एक नियम करा, पोलिसाचा फोन आला तर ठेवायचा आणि ताबडतोब पोराला नाहीतर शेजारच्याला हाक मारायची. त्यासाठी कुणी ओरडणार नाही, हे दहा वेळा सांगा.

आणि नातवाच्या आवाजात "आजी, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव" असा फोन येऊ शकतो, आवाजाची नक्कल आता मशीन करतं. घरातला एक शब्द ठरवा, कुलदैवताचं नाव नको, ते सगळ्या गावाला माहिती, जुन्या बैलाचं नाव ठेवा. शब्द सांगता आला नाही तर फोन कट. हे आजी लोकांना लई आवडतं, करून बघा.

एवढंच पाठ करून घ्या की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला.

अंगठा

श्रावणबाळ योजनेचे दीड हजार घ्यायला आजी गावातल्या, आधारवर अंगठा लावून पैसे देणाऱ्या केंद्रावर जाते, तिथला पोरगा म्हणतो "अंगठा उठला नाही, परत लाव", परत लावते, आणि दोनदा पैसे निघतात, हातात येतात एकदाच. दर अंगठ्याला छापील पावती मागायची, "फेल" झालं तरी फेलची पावती मागायची. मेसेज येतो का ते नातवाकडनं बघून घ्यायचं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, एमआधार ॲपवरनं होतं, आणि मग कुणालाच अंगठ्यावर पैसे काढता येत नाहीत. पण हे कुणी नीट सांगत नाही, लॉक केल्यावर रेशन दुकानात पण अंगठा उठणार नाही, त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. जी आजी स्वतः केंद्रावर जात नाही तिचं लॉक ठेवा, दर महिन्याला जाणारीचं लॉक करून तिची फरपट करू नका.

पिग्मी, पतसंस्था आणि दामदुप्पट

बँकेतल्या ठेवीला व्याजासकट पाच लाखापर्यंत विमा आहे, एका माणसाला एका बँकेत मिळून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था वाईट असं म्हणत नाही, चांगल्या चालणाऱ्या पण आहेत, पण अर्धा टक्का जास्त व्याजासाठी रिटायरमेंटचा सगळा पैसा एकाच ठिकाणी नको. पिग्मी एजंटला पैसे दिले की मशीनची पावती घ्यायची, नुसतं कार्डावर पेनानं लिहिलं तर ते जमा झालंच असं नाही.

आणि महिन्याला दहा टक्के, कोंबड्या घ्या, शेअर मार्केटचा करार करा, असलं काही असेल तर सरळ नाही. इस्लामपूरचं २०१९ चं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा, त्यात रिटायर लोकांचे पैसे किती अडकले. असल्या स्कीमचा एजंट हा नेहमी नात्यातला नाहीतर जुना विद्यार्थी असतो, तिथंच माणूस फसतो. अडकलात तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी हा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार करताना ह्याचं नाव घ्या.

जमीन आणि कागद

सगळ्यात मोठी लूट इथं होते आणि ती स्टॅम्पवर, सगळ्यांच्या समोर होते. मुलामुलींना, नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपयेच आहे, त्यामुळं "आण्णा, करून टाका की, खर्च काय नाही" म्हणून गाडीत घालून रजिस्ट्रारकडं नेतात. बक्षीसपत्र एकदा झालं की मालकी गेली. मृत्युपत्र मात्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं, म्हणून शक्यतो मृत्युपत्रच करा, दोन साक्षीदार घ्या, ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका, आणि वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला सोबत लावा.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर "देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ करायचा" ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणं सांभाळ नाही केला तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं, सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०२५ मध्ये आईनं मुलाला दिलेलं असलं बक्षीसपत्र रद्द धरलं. अट लिहिलेली नसेल तर मात्र भांडण लांबतं.

मुखत्यारपत्र द्यायचं तर एका कामापुरतं द्या, कुलमुखत्यार नको. आणि माणसाला स्मृतिभ्रंश झाला, समज गेली की आधीचं मुखत्यारपत्र पण चालत नाही, कोर्टातनं पालक नेमून आणावा लागतो, त्यामुळं डोकं शाबूत आहे तोवरच कागद मार्गी लावा.

"आपली चावडी" ह्या सरकारी साइटवर तुमच्या गावातल्या चालू फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या, नोटिसा दिसतात. महिन्यातनं एकदा बघा, पाच मिनिटाचं काम. आपल्या गटाची नोंद दिसली आणि आपल्याला माहिती नसली तर पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडं लेखी हरकत द्या.

झालंच तर

ऑनलाइन पैसे गेले तर पहिला फोन १९३० ला. मग बँकेला, मग बाकी सगळे नातेवाईक. बँकेचं नाव, खातं नंबर, व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ एवढं हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात असतील तोवर गोठवता येतात, म्हणून "उद्या सकाळी बघू" नको. तक्रार नंबर घेऊन राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ती पूर्ण करा. गोठलेले पैसे नंतर परत मिळू शकतात. "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन मध्येच येईल, तो दुसरा भामटा.

बँकेला कळवायचं ते लेखी. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक असं आहे की चूक बँकेची पण नाही आणि खातेदाराची पण नाही, मधल्यानंच कुणी केलं, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान खातेदारावर नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दर तासाला किंमत आहे. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, चौकशीचा नंबर १४४४८.

बाईनं किंवा घरातल्या नोकरानं चोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. फक्त आधी पासबुक भरून आणा, एटीएमचं कॅमेरा फुटेज जपून ठेवायला बँकेला लेखी अर्ज द्या, कारण ते फार दिवस ठेवत नाहीत.

आणि पोरानंच केलं तर? इथं आई तक्रार करत नाही. "माझंच लेकरू हाय, जाऊ दे" म्हणते, आणि जबरदस्ती करून काही होत पण नाही. पोलिसात जायला नको म्हणत असेल तर प्रांत ऑफिसला त्याच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं निर्वाह न्यायाधिकरण असतं, तिथं साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही, आईला स्वतःला जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेला दुसरा माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. जायच्या आधी बोलायला कुणी हवं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मोफत वकिलाच्या सल्ल्यासाठी १५१००. अर्जासोबत वयाचा पुरावा, सातबारा नाहीतर घरठाण उतारा, बक्षीसपत्राची प्रत, पासबुकाच्या झेरॉक्स जोडा, आणि दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. साहेब फिरतीवर असले तरी शिक्का आवक टेबलवर मिळतो, त्यासाठी परत हेलपाटा मारू नका.